लेबलावरची उंची

आमच्या विभागात पेन वापरत नाहीत. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिलीचं लिहिलेलं राहतं. गोगलगाय पकडली, की जाड कागदाच्या बोटभर पट्टीवर पेन्सिलीने चार ओळी लिहायच्या. जागा, उंची, तारीख आणि पकडणाऱ्याची आद्याक्षरं. मग ती पट्टी गोगलगाईबरोबर काचेच्या कुपीत, स्पिरिटमध्येच सोडून द्यायची. लेबल बाहेरून चिकटवलं तर कधी ना कधी सुटतं. आत असलं की प्राणी आणि त्याचा पत्ता शंभर वर्षं एकत्र राहतात.

पुढे संग्रहालयात माझ्यासारखा कोणीतरी ती कुपी उघडतो. जात नवी निघाली, तर शंख मोजतो, चित्र काढतो, वर्णन लिहितो आणि नाव ठेवतो. कुपीतला एक नग 'मूळ नमुना' ठरतो. एकदा छापून झालं की तो नमुना, ते नाव आणि लेबलावरची ती जागा यांची गाठ कायमची बसते. म्हणून आमच्याकडे एक कडक नियम आहे. लेबलावर आहे तेच छापायचं. पकडणाऱ्याची चूक दिसत असली तरी आपलं शहाणपण त्यात घुसडायचं नाही. सव्वीस वर्षांत मी एकाही लेबलात काना-मात्रेचा बदल केलेला नव्हता. मला याचा गर्व होता. गर्व करावा असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं, हेही खरं.

मी बसून मोजणारा आणि माझी धाकटी बहीण फिरून पकडणारी. लहानपणापासून तिच्या पायाला भिंगरी, म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं. आई, ती आणि मी, असे तिघं चढावरच्या गल्लीत शेवटच्या घरात राहायचो. पहिल्या पगारातून तिने उंची मोजायचं यंत्र आणलं आणि सगळ्यात आधी आमच्या उंबऱ्याची उंची मोजली. दाराच्या चौकटीवर, नव्या रंगावर, पेन्सिलीने लिहून ठेवलं, '८४ मी.' आईने तिला त्या दिवशी फाडून खाल्लं. पण पुढच्या वेळी रंगारी आला, तेव्हा तो आकडा सोडून बाकीची चौकट रंगवून घेतली.

भिंगरी घरी असली की दूध एक लिटर यायचं, नसली की अर्धा. ती चहा पीत नसे, दुधाला चहाचा वास लावून पीत असे. मला म्हणायची, "दादा म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. आईपुढे गरीब, आणि डब्यातलं शेवटचं बिस्किट कोण खातं ते मला माहीत आहे." बिस्किट मीच खायचो.

ज्या बेटावर ती गेली, ते म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर. टोकाला विवर, पायथ्याशी काँक्रीटचा धक्का, वस्ती शून्य. जुन्या लाव्हाच्या जिभांनी तिथलं जंगल चिरून ठेवलंय. दोन घळींमध्ये काळ्या दगडाचा पट्टा, त्यावर गवताचं पातं नाही. गोगलगाय तो ओलांडू शकत नाही. त्यामुळे घळ बदलली की जात बदलते. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठं आमिष नाही. जाताना ती म्हणाली होती, "एखादी डावरी सापडली तर माझं नाव द्यायचं हं." ती स्वतः डावरी होती. गोगलगाईचा शंख बहुतेक उजवीकडे वळतो, डावीकडे वळणारी क्वचित मिळते.

परतीच्या दिवशी तिचे दोन सहकारी धक्क्यावर सामान चढवत होते. नमुन्यांची पेटी बोटीत गेलेली होती. भिंगरी पहाटेच पुन्हा वर गेली होती, विवराखालच्या घळीत, अजून चार नग मिळतात का बघायला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डोंगर फुटला. बोट थांबता येईल तेवढी थांबली, मग निघाली. राख बसल्यावर शोधपथक तीन वेळा गेलं. धक्का, वाट, खालचं जंगल, सगळं पालथं घातलं. ती मिळाली नाही.

तीन आठवड्यांनी पेटी माझ्या टेबलावर आली. एक्केचाळीस कुप्या होत्या. लेबलांवर तिचं अक्षर होतं, डाव्या हाताचं, मागे रेललेलं. तिचा आठ मला कुठेही ओळखू आला असता. तो ती उलटा, खालून सुरू करून काढायची. मी दार लावून घेतलं आणि रडलो. मग नोंदवही उघडली आणि एकेक कुपी नोंदवली, कारण पेटी आली की नोंदवायची असते.

शेवटच्या दोन कुप्या विवराखालच्या घळीतल्या होत्या, डोंगर फुटायच्या आदल्या दिवशीच्या. एकीत पाच नग, शंख डावीकडे वळलेले. तिला डावरी सापडली होती. दुसरीत कसलीतरी नखाएवढी पिल्लं होती. शंखाच्या तोंडाशी जाड ओठ आला की गोगलगाय वाढलेली समजायची, यांना तो आलेला नव्हता. पिल्लांवरून वर्णन करता येत नाही, म्हणून ती कुपी खणात गेली. दोन्हींच्या नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या. उंची ८८० मी.

डावरीचं वर्णन लिहायला बसलो तेव्हा दोन महिने उलटले होते. चिमट्याने लेबल वळवलं आणि वाचलं. उंची ६१० मी.

नोंदवहीत ८८० होतं. मला वाटलं, पेटी उघडली त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, लिहिताना गफलत झाली. सव्वीस वर्षांत पहिली. लाज वाटली, पण मी नोंदवहीत खाडाखोड करून ६१० केलं. दुसऱ्या दिवशी चित्र काढताना लेबल पुन्हा समोर आलं. उंची ६०६ मी.

मी चष्मा पुसला, दिवा बदलला, भिंगाखाली धरलं. सहा, शून्य, सहा. खोडल्याची खूण नव्हती, कागद खरवडलेला नव्हता. अक्षर तिचं. झाकणाचं मेण मीच लावलेलं आणि मीच फोडलेलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी वाचू लागलो. कोणाला सांगितलं नाही. एका वेगळ्या कागदावर तारीख आणि आकडा लिहीत गेलो. कधी चार मीटर कमी व्हायचे, कधी सहा. पाऊस असला की त्या दिवशी आकडा हलत नसे. पाऊस आमच्याकडे नव्हे, तिकडे. मी हवामानखात्याचे तक्ते काढून ताडून पाहिलं. आकड्यांमध्ये मला एक चाल दिसायला लागली. दमलेल्या माणसाची चाल असते तशी.

आमच्याकडे बरण्यांच्या खोलीत एक काका आहेत. हजारो बरण्यांमधलं स्पिरिट उडून जातं, ते भरत राहणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना बरणीकाका म्हणतात. एका दुपारी मी त्यांच्यासमोर कुपी धरली.

"काका, उंची किती लिहिलीय बघा जरा."

"तीनशे दहा."

"नक्की?"

"साहेब, माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. तुमच्यापेक्षा मला बरं दिसतं."

मी नोंदवही दाखवली. खोडलेलं ८८०, वर लिहिलेलं ६१०. मग माझा कागद दाखवला. काकांनी बोट ठेवून सगळे आकडे खालपर्यंत वाचले. कुपीचं झाकण त्यांनी स्वतः घट्ट केलं आणि मला परत दिली.

"हिच्यात स्पिरिट तुम्हीच भरत जा," ते म्हणाले. "मला सांगू नका."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. वेडेपणा होता, पण तिच्यापासून लपवणं जास्त जड जात होतं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"उतरताना तिचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "वेळ लागणारच."

मग रोज मी घरी आलो, की चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "आज किती?" मी आकडा सांगायचो. ती मान हलवायची आणि आत जायची. ते दोन-अडीच महिने आमचे बरे गेले, हे लिहिताना मला कसंतरी होतं. पण तसं होतं खरं. आई जेवायला लागली. मी रात्री झोपायला लागलो. माझं सगळं शिक्षण एकीकडे आणि तो रोजचा आकडा एकीकडे.

धक्क्यावर तोवर बोटी पुन्हा जायला लागल्या होत्या. डोंगराची हालचाल मोजणारे लोक पंधरवड्याला ये-जा करत होते. म्हणजे ती शून्यावर पोचली की पुढची सोय होती. मी मनात एवढंच धरून होतो.

आकडा एकशे चाळीसवर आला, त्या आठवड्यात संचालकबाईंनी बोलावलं. बाई सरळ माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग बोलल्या.

"दुसऱ्या एका संग्रहालयाकडे त्याच घळीतले जुने नग निघालेत. डावरे. महिन्याभरात ते नाव छापतील."

"माझं वर्णन झालंय," मी म्हणालो. "थोडं थांबायचंय फक्त."

"कशासाठी?"

मी समोरचं पाणी प्यायलो.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "त्यांनी आधी छापलं तर त्यांचंच नाव चालणार. तुमच्या बहिणीने जिवाचं मोल देऊन आणलेली जात आहे ही. तिचं एवढं तरी राहू दे. शुक्रवारी मजकूर पाठवा."

शुक्रवारी लेबलावर ११५ होतं.

नियमाप्रमाणे मी ११५ छापायला हवं होतं. किंवा नोंदवहीतलं पहिलं, ८८०. पण छापलेली जागा कायमची असते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? ११५ छापलं, तर ती ११५वर राहील, असं मला वाटलं. का वाटलं ते विचारू नका. विवेकाने चालणारा माणूस एकदा घसरला की कुठवर जातो, ते मी स्वतःवरून सांगतो. तासभर मी त्या एका ओळीपुढे बसून होतो. मग लिहिलं, 'मूळ नमुन्याची जागा: बेटाचा धक्का. उंची: ० मी.' नावात तिचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. वरच्या घळीतली गोगलगाय धक्क्याच्या काँक्रीटवर कशी राहील, असं कोणी विचारलं नाही.

बारा दिवसांनी अंक निघाला. आदल्या संध्याकाळी लेबलावर ५८ होतं. अंक निघाला त्या सकाळी ० होतं. एका रात्रीत अठ्ठावन्न मीटर.

मी धावत घरी गेलो. सव्वीस वर्षांत अर्ध्या दिवसाची रजा मी प्रथमच टाकली. आईला सांगितलं तर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढचे तीन दिवस आम्ही टेलिफोनजवळ बसून काढले.

चौथ्या दिवशी दुपारी बंदर अधिकाऱ्याचा फोन आला.

तो माणूस अडखळत बोलत होता. सकाळची बोट धक्क्याला लागली, तेव्हा दोर बांधायच्या खुंटाला टेकून कोणीतरी बसलेलं दिसलं. पाठीवर पिशवी होती. केसांत, कपड्यांत राख होती. त्यांना वाटलं, आदल्या बोटीचं कोणी मागे राहिलंय. त्यांनी हाक मारली.

"साहेब, त्या धक्क्यावर आम्ही दर फेरीला झाडू मारतो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "दर फेरीला मारतो हो."

मी एकटाच गेलो. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मृत्यू सात महिन्यांपूर्वीचा, डोंगर फुटला त्याच दिवशीचा. त्यांना त्यात शंका नव्हती. पुढे नेण्यासारखी स्थिती नाही, इथेच सगळं उरकून घ्या, असंही म्हणाले. मी उरकलं.

तिचे बूट त्यांनी माझ्या हातात दिले. निघायच्या आठवड्यात मीच घेऊन दिलेले होते, दहा वर्षं टिकतील असं दुकानदार म्हणाला होता. दोन्हींचे तळ झिजून आरपार भोकं पडली होती. खिशात पेन्सिल निघाली. नखाएवढी उरली होती.

मी घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी बूट दाखवले नाहीत, पण झालं ते सांगितलं. त्या शून्याचंही सांगितलं. तोवर तिला वाटत होतं, भिंगरी स्वतःच तिथवर उतरली. मी म्हणालो, आई, ते मी लिहिलं होतं. तिला लवकर खाली आणायला लिहिलं.

आई रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी गणित चुकलं की बघायची तशी.

"खोटंच लिहायचं होतं," ती म्हणाली, "तर घर लिहायचं होतंस."

त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं. भांडण नव्हतं. तिने 'आज किती' विचारणं सोडलं आणि मला सांगायला काही उरलं नाही. डावरीच्या कुपीतलं लेबल मी अधूनमधून बघायचो. ० होतं, ते ०च राहिलं. छापलेलं होतं ना.

महिन्याने मी खण आवरायला काढला. पिल्लांची कुपी मागे सरकून पडली होती. सात-आठ महिने तिला कोणी हात लावलेला नव्हता. उजेडात धरली.

उंची १२ मी.

दुसऱ्या दिवशी १४. तिसऱ्या दिवशी १७. आकडा वाढत होता. ती पुन्हा डोंगर चढायला लागली, असं मनात आलं. त्या विवराकडे, त्याच वाटेने, त्या बुटांनी. आता बुटांशिवाय. बूट माझ्या कपाटात होते.

आईला सांगितलं नाही. या वेळी कोणालाच नाही. पिल्लांचं वर्णन करता येत नाही म्हणून माझ्या हातात करण्यासारखंही काही नव्हतं. फक्त रोज वाचायचं. ३१. ३४. ३४. ३९.

घरी आई थोडी बदललेली वाटली. भिंगरीच्या खोलीतली गादी तिने उन्हात टाकली होती. दुपारी दाराला कडी नसते, असं शेजारणीने मला रस्त्यात थांबवून सांगितलं. "म्हाताऱ्या माणसाने असं दार उघडं टाकू नये हो," ती म्हणाली. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "वारा येतो."

५२. ५५. ६१.

सत्तर ओलांडलं, तेव्हा एका संध्याकाळी मी चढावरच्या गल्लीत मध्येच थांबलो. कशाने थांबलो ते कळलं नाही. गल्ली रिकामी होती. वर आमचं घर दिसत होतं, दार उघडं होतं. मी उरलेला चढ भरभर चढलो, मागे न बघता, आणि उंबऱ्यात आलो तेव्हा चौकटीवरचा आकडा समोर आला. रोज समोर येणारा. चौकटीवर धूळ असते, पण आकड्यापुरती ती पुसलेली होती.

परवा ८१ झालं.

काल ८४.

आज सकाळीही ८४. दुपारी पुन्हा पाहिलं, तरी ८४.

कुपी टेबलावर ठेवून मी हे लिहितोय. चार वाजलेत. पाचला सुटायचं असतं. मी अजून आवराआवर सुरू केलेली नाही.

मघाशी आईचा फोन येऊन गेला. ती विभागात कधी फोन करत नाही. आवाज अगदी दबका होता, घरात कोणी झोपलं असलं की बोलते तसा.

"येताना दूध आण," ती म्हणाली. "आणि अर्धा नको, एक लिटर आण."